बासष्ट फोन आणि परका शिक्का

आधीच सांगून टाकतो. मी शालिग्राम, सावद्याचा केळीवाला, वय चौसष्ट. या हकिकतीत जिथे गाढवपणा दिसेल तो माझा आहे आणि जिथे शहाणपणा दिसेल तो सुलक्षणाचा आहे. वाचणाऱ्याची गल्लत होऊ नये म्हणून हे सुरुवातीलाच लिहिलं. माझा आवाज मोठा आहे, त्यामुळे लोकांना वाटतं बरोबर मीच असेन. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं.

सुकी नावाच्या नदीच्या काठच्या आम्ही बासष्ट केळीवाल्यांनी मिळून एक कंपनी काढली आहे. मी तिचा चेअरमन. रावेर रोडला पत्र्याचं पॅकहाऊस आहे, केळीच्या फण्या धुवायच्या चार टाक्या आहेत, एक शीतगृह आहे आणि कोपऱ्यात काचेची एक केबिन आहे. त्या केबिनीत सुलक्षणा बसते. पगारपत्रकात तिच्या नावापुढे 'संगणक सहाय्यक' असं लिहिलंय. खरं म्हणजे कंपनी तीच चालवते, मी नुसता ओरडतो.

ती इकडची नाही. माहेर सोनगीरचं, धुळे जिल्ह्यातलं. वडील झुलाल, कापूस-कांद्याची शेती. नवरा ललित वीज कंपनीत लाईनमन. त्याची बदली सावद्याला झाली म्हणून दोघं इकडे आली आणि मंदाबाईंच्या घरी दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिली. एरवी ती पुस्तकातल्यासारखं मराठी बोलते, पण डोकं तापलं की अहिराणी बाहेर येते. 'आहे'चं 'शे' आणि 'सगळं'चं 'बठ्ठं' झालं की पॅकहाऊसातल्या बाया गुपचूप टाकीकडे सरकतात. आमची बोली वेगळी, तिची वेगळी, म्हणून पहिल्या वर्षी आम्ही तिची फार टिंगल केली. ती म्हणायची, नाना, हसून घ्या, पण हा कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

ही वाचायची सवय सोनगीरची. लग्नाआधी ती तिथल्या ई-सेवा केंद्रात कामाला होती. माणूस दाखल्यासाठी येवो नाहीतर पीक विम्यासाठी, मशीनवर अंगठा ठेवण्याआधी पडद्यावर जे लिहिलंय ते ही बाई पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचून दाखवायची. बाहेर रांग लागायची, लोक शिव्या घालायचे. तिची आई भिकुबाईसुद्धा म्हणायची, पोरी, अशानं गिऱ्हाईक पळेल. एकदा एका म्हातारीला तिचा पुतण्या घेऊन आला. वारस लावायचे कागद आहेत, स्कॅन करून दे म्हणाला. हिने रिवाजाप्रमाणे वाचायला घेतलं, तर ते निघालं हक्कसोडपत्र. म्हातारी आपल्या हाताने आपलं शेत सोडून देत होती. पुतण्याने टेबलावर हात आपटला तरी हिने वाचणं थांबवलं नाही, शेवटची ओळ संपवली आणि मग मान वर केली. हे मला तिच्या वडिलांनी सांगितलं. सांगताना त्यांची छाती दोन इंच फुगली होती.

आता आमच्या खोक्यांवरच्या चौकोनाबद्दल सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यावरूनच झाली. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर आम्ही छापील चौकोन चिकटवतो. तिकडच्या माणसाने त्यावर मोबाईल धरला की आमच्या वेबसाईटचं पान उघडतं. बाग कोणाची, लागण कधीची, फवारणी कसली, कापणी कोणत्या दिवशी, सगळं त्यात असतं. ही सुलक्षणाची करामत. आखाती देशातले व्यापारी त्यावर खूश होते. पान उघडताना वर एक छोटं कुलूप दिसतं. त्याचा अर्थ, हे पान खरंच आमचं आहे आणि मध्ये कोणी हात घातलेला नाही. ते कुलूप मिळायला एक सर्टिफिकेट लागतं. सुलक्षणाने ते कुठल्याशा परदेशी संस्थेकडून फुकटात घेतलं होतं. तीन महिन्यांत संपायचं, पण आपोआप नवं व्हायचं.

मला ते खटकायचं. फुकटची वस्तू, वर तीन महिन्यांत संपते, ती कसली वस्तू? मागच्या वर्षी सुलक्षणा वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस सोनगीरला गेली होती. नेमका तेव्हाच एक एजंट आला. म्हणाला, नाना, तुमच्यासारख्या कंपनीने सरकारमान्य सर्टिफिकेट घ्यायला पाहिजे, आपल्या देशाच्या कायद्याने मान्य असलेलं. सरकारमान्य म्हटल्यावर आम्ही खानदेशी माणसं पाघळतो. गोल शिक्का दिसला की आमचा हात नमस्काराला वर जातो. मी ते घेतलं. त्याच्या माणसाने ऑफिसच्या तिन्ही कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बसवलं, वेबसाईट उघडून दाखवली आणि कुलूप झळकलं. मी पेढे वाटले.

सुलक्षणा परतली. तिने पाहिलं आणि सांगितलं की हे परदेशात चालणार नाही. मी ओरडलो, सरकारपेक्षा मोठं कोण आहे? चेअरमन मी आहे की तू? ती म्हणाली, चेअरमन तुम्हीच, म्हणून माझं म्हणणं लिहून देते. आणि खरंच लिहून दिलं. मी तो कागद टेबलाच्या खणात टाकला.

पुढचं खोकं तिकडे पोचलं आणि फोनवर फोन सुरू झाले. चौकोनावर मोबाईल धरला की लाल पान येतं, त्यावर लिहिलेलं की ही जागा सुरक्षित नाही, परत फिरा. मला वाटलं त्यांचे मोबाईल खराब असतील. सुलक्षणाने शांतपणे मला माझाच मोबाईल काढायला लावला आणि त्यावर आमचंच पान उघडायला लावलं. लाल! माझ्याच खिशातला फोन माझ्याच कंपनीला चोर म्हणत होता.

तिने समजावलं ते असं. ऑफिसच्या कॉम्प्युटरला त्या माणसाने हाताने शिकवून ठेवलं होतं की हा शिक्का खरा मान, म्हणून ते मानत होते. बाकी जगाला कोण शिकवणार? आपल्या कायद्याने हा शिक्का मान्य आहे, त्या शिक्क्याने सही केलेला कागद कोर्टातही चालेल. पण वेबसाईट उघडणारे ब्राउझर ज्या कंपन्या बनवतात त्यांची स्वतःची यादी असते, कोणाचा शिक्का मानायचा याची. त्या यादीत नाव असेल तर कुलूप, नाहीतर लाल पान. मी भडकलो. म्हटलं, हे कोण टिकोजीराव? यांना निवडून कोणी दिलं? ती म्हणाली, कोणी नाही. ती यादी देवाने लिहिलेली नाही, चुकतेही. पण शिक्का देणाऱ्याने एकदा खोटेपणा केला तर ते त्याला यादीतून काढून टाकतात, एवढं मात्र आहे. मग तिने आमच्या नथ्थूचं उदाहरण दिलं. नथ्थू कापणीच्या आधी बागेत फिरून तयार घडांना फीत बांधतो. आमचे कापणारे त्याचीच फीत मानतात. दिल्लीच्या गाडीवाल्याचे कापणारे मात्र त्यांच्या स्वतःच्या माणसाने खोडावर मारलेली खूण असेल तरच विळा लावतात. नथ्थूला उद्या कलेक्टरने सर्टिफिकेट दिलं तरी ते मानणार नाहीत. हे मला एका फटक्यात समजलं.

तिने पंधरा मिनिटांत जुनं फुकटचं सर्टिफिकेट परत लावलं, तिन्ही कॉम्प्युटरमधला तो शिकवलेला शिक्का काढला आणि आखातातली लाल पानं बंद झाली. एखाद्याने त्यानंतर तोंड मिटलं असतं. मी मिटलं नाही.

याच हिवाळ्यात हितेंद्र आला. माझ्या चुलतभावाचा मुलगा, मुंबईत निर्यातीची दलाली करतो. त्याने उत्तरेकडच्या एका थंड देशातलं मोठं गिऱ्हाईक आणलं. देशाचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. सगळा हंगामभर दर शुक्रवारी कंटेनर. आमच्या कंपनीला एवढं मोठं काम कधीच मिळालं नव्हतं. पहिल्या शुक्रवारची बाग ठरली मंदाबाईंची. मंदाबाईंचा नवरा वारला त्याला नऊ वर्षं झाली. तीन एकर बाग त्या एकट्या सांभाळतात, आणि त्यांची केळी निर्यातीत पास होण्याची ही पहिलीच वेळ. एकेका घडावर प्लास्टिकची पिशवी त्यांनी स्वतः शिडीवर चढून चढवली होती. मुलगी डिंपल नाशिकला दिलेली. तिला फोन करून सांगत, तुझ्या आईचं नाव परदेशात वाचणार आहेत. नथ्थूने सोमवारी फिती बांधल्या. जहाजात महिनाभर टिकायचं तर घड शुक्रवारी उतरलाच पाहिजे. रविवारपर्यंत तो जास्त भरतो, मग त्याला कमी भावाच्या दिल्लीच्या गाडीशिवाय वाट नाही.

हितेंद्रने त्याच सोमवारी एक अट सांगितली. गिऱ्हाईकाचं एक ॲप आहे, ते सगळ्या बासष्ट सभासदांच्या मोबाईलमध्ये हवं. आणि ते चालायला आधी एक छोटी फाईल टाकावी लागते, त्यांच्या सरकारच्या शिक्क्याची. तिकडचा कायदाच तसा आहे म्हणाला. काका, दोन मिनिटांचं काम. त्याने लगेच माझ्या मोबाईलमध्ये टाकून दाखवली. मी टाकू दिली. सुलक्षणा समोर केबिनीत बसलेली असताना तिला विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण ती वाचत बसेल म्हणून विचारलं नाही.

दुपारी तिला कळवलं. तिने फाईल तिच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिली आणि नाही म्हणाली. हे एका वेबसाईटचं सर्टिफिकेट नाही नाना, हा मूळ शिक्का आहे, सगळ्या शिक्क्यांचा बाप. हा फोनमध्ये गेला की त्याचा मालक कुठल्याही वेबसाईटच्या नावाची खोटी पाटी बनवू शकतो, आणि आपला ब्राउझर तिला कुलूप दाखवणार. मेल, बँक, काहीही. तो तसं करेलच असं नाही, पण करू शकेल, आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही. मी म्हटलं, त्यांचा कायदा आहे ना? ती म्हणाली, आहे, आणि त्यांच्यावर तशी वेळही आली. बाकीच्या देशांनी त्यांच्यावर बंदी घातली, परदेशी संस्थांनी त्यांना सर्टिफिकेट देणं थांबवलं, म्हणून त्यांच्या सरकारने स्वतःचा शिक्का काढला. त्यांनी तो त्यांच्या घरात खुशाल वापरावा. त्यांचा कायदा आपल्या माणसांच्या खिशात कशाला येतो?

मी बराच ओरडलो. मंदाबाईंच्या फिती बांधून झाल्या आहेत, तू त्यांच्याच घरात राहतेस, त्यांच्याच हातची भाकरी खातेस, आणि त्यांचाच माल अडवतेस? तिचे डोळे भरले होते. मग म्हणाली, शुक्रवारपर्यंत चार दिवस आहेत. माल जाईल असं मी बघते, पण ही फाईल मी कोणाच्या फोनमध्ये जाऊ देणार नाही. काढायचं तर मला कामावरून काढा.

तिने मार्गही काढला होता. पॅकहाऊसात एक जुना कॉम्प्युटर होता. तो वेगळ्या खोलीत ठेवायचा, त्यावर ना मेल, ना बँक, ना आमच्या नोंदी. त्या एकाच कॉम्प्युटरमध्ये त्यांचा शिक्का टाकायचा आणि त्यांच्याशी लागेल तेवढं काम त्यावरून करायचं. आमचं पान त्यांनी आमच्या नेहमीच्या सर्टिफिकेटवर पाहावं. हितेंद्र म्हणाला, गिऱ्हाईक ऐकणार नाही. ती म्हणाली, तू विचारलंस का? त्याने विचारलं नव्हतं. मग तिने स्वतः इंग्रजीत पत्र लिहिलं आणि सोमवारीच पाठवलं. मंगळवारी परत लिहिलं. बुधवारी फोन लावला, तर कोणीतरी उचलून सांगितलं की ज्यांनी ठरवायचं ते साहेब सुट्टीवर आहेत.

बुधवारी चार वाजता मी सभा बोलावली. टाक्यांसमोर सतरंज्या टाकल्या. माझ्या मनात असं होतं की बासष्ट माणसं एकदम बोलली की ही एकटी किती वेळ टिकेल. लोक बोललेही. सभासदांतला छगन म्हणाला, धुळ्याकडच्या बाईला आमच्या केळीचं काय पडलंय. कोणी म्हणालं, आमच्या फोनमध्ये आहे तरी काय, नातवांचे फोटो. कोणी म्हणालं, चेअरमनने टाकली ना फाईल, मग आपल्याला काय भीती. मी मान हलवली. मला तेव्हा फार बरं वाटत होतं.

सुलक्षणाने माझ्याकडे फोन मागितला. मी दिला. तिने वरून बोट ओढलं आणि तिथे एक ओळ होती. ती ओळ मी दोन दिवस बघत होतो आणि जाहिरात समजून बाजूला सारत होतो. तिने ती मोठ्याने वाचली. तुमच्या नेटवर्कवर अनोळखी तिसऱ्या व्यक्तीकडून लक्ष ठेवलं जाऊ शकतं. टाकीचा नळ चालू होता तो कोणीतरी बंद केला. तिने दुसऱ्यांदा वाचली. मग तिचं डोकं तापलं.

"हाई फाईल ज्यानी शे, तो म्हनी ते बठ्ठं तुमना फोन खरं मानी," ती म्हणाली. "मंग तुमनी बँक खरी का खोटी, तुमले कसं समजी?"

अहिराणीतलं ते बोलणं आमच्या लोकांना कळलं. एरवी ज्याच्यावर हसायचो त्यावर त्या दिवशी कोणी हसलं नाही. छगनने आपला मोबाईल खिशातून काढून उगाच उलटसुलट पाहिला. मी चेअरमनच्या खुर्चीवर बसलो होतो आणि माझे कान तापले होते. चौसष्टाव्या वर्षी बासष्ट माणसांसमोर मूर्ख ठरणं काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मी उठून म्हटलं की काढून टाक बाई ती घाण. तिने काढली, आणि काढताना कुठे दाबायचं तेही सगळ्यांना दाखवलं. बासष्टपैकी एकाच्याही फोनमध्ये ती फाईल राहिली नाही.

पण मंदाबाईंचे घड तसेच उभे होते. सभा संपल्यावर त्या टोपली उचलून घरी गेल्या. सुलक्षणा मागोमाग गेली. ललितने मला नंतर सांगितलं की त्या दिवशी दोघी एका चुलीपाशी बसल्या, पण बोलल्या नाहीत. गुरुवारी सुलक्षणाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत नऊ वेळा फोन लावला आणि तीन पत्रं पाठवली. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, मी सांगायचं ते सांगितलं, आता माझी जबाबदारी संपली. ही पाणी प्यायलासुद्धा केबिनीतून उठली नाही. मी तिच्या टेबलावर चहा ठेवला तो तसाच गार झाला.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता आम्ही सगळे मंदाबाईंच्या बागेत होतो. नथ्थू, त्याचे सहा कापणारे, मी, सुलक्षणा आणि हितेंद्र. पॅकहाऊसात कंटेनर उभा होता. बांधाच्या पलीकडे दिल्लीची गाडी उभी होती. नऊपर्यंत भरली नाही तर ती पुढच्या बागेला जाणार होती. उत्तर आलेलं नव्हतं.

हितेंद्रने गिऱ्हाईकाच्या मुंबईतल्या माणसाशी बोलून तोड काढली. तो म्हणाला, बासष्ट नकोत. आजच्या कंटेनरपुरता बागेच्या मालकाचा एक फोन चालेल. मंदाकाकू, फक्त तुमचा. फाईल टाकू, केळी जाऊ द्या, पुढच्या आठवड्यात पाहिजे तर काढून टाका.

खरं सांगतो, मला वाटलं टाकावी. एक फोन, एक आठवडा, एका बाईची सगळ्या वर्षाची मेहनत. सुलक्षणाने मंदाबाईंना एकदाच सांगितलं, हात जोडून सांगितलं, की फोन तुमचा आहे अक्का, ठरवायचं तुम्ही. साधं बोलणं ऐकता येणार नाही, पण मेल आणि ब्राउझरमधलं जे जे उघडाल ते त्याला वाचता येऊ शकतं. आठवड्यात काही होईल की नाही मला माहीत नाही. तुम्ही टाका म्हणालात तर मी तुमच्यावर रागावणार नाही, पण माझ्या हाताने टाकणार नाही.

मंदाबाईंनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला. काचेला तडा गेलेला, रबर लावलेला फोन. हितेंद्रने हात पुढे केला. त्यांनी दिला नाही. फोन दोन्ही हातांत धरून त्या आमच्या सगळ्यांकडे बघत उभ्या राहिल्या.

"माही डिंपल या फोनात रोज रडते," त्या म्हणाल्या.

आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्या सावद्याला वाटायचं डिंपल नाशिकला सुखात आहे. मंदाबाईच तसं सांगत आल्या होत्या, मळ्यात, लग्नात, देवळात, सगळीकडे. दीड वर्ष पोरगी सासरी मार खात होती. लिहून कळवायची, अंगावरच्या वळांचे फोटो पाठवायची, वकिलाचे कागद मेलवर पाठवायची, आणि ते सगळं त्या तडा गेलेल्या काचेमागे होतं.

"तिनं कोनाले सांगू नको म्हटलं म्हनून मी शेजारच्या खोलीत राह्यनाऱ्या या पोरीलेबी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "आन तिचं रडनं मी परक्याच्या हाती देऊ? केयीसाठी?"

मग त्या नथ्थूकडे वळल्या आणि म्हणाल्या, काप, आणि दिल्लीच्या गाडीत भर.

नथ्थू माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्यावर ओरडलो, माझ्याकडे काय बघतोस, मालकीण काय म्हणाली ऐकलं नाहीस का? पहिला घड उतरला. हिरवागार, लांब बोटांचा, डाग नाही की खरचटा नाही. तसे घड मी चाळीस वर्षांत थोडे पाहिले. दिल्लीच्या गाडीत ते इतर मालासोबत केळीच्या पानांवर रचले गेले. हितेंद्र खाली बघत मोटारसायकलपाशी गेला आणि बराच वेळ किल्ली शोधत राहिला. सुलक्षणा बांधावर बसून हमसून हमसून रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

उत्तर आलं शनिवारी, दुपारी बारा वाजता. सुट्टीवर गेलेले ते साहेब म्हणजे तिकडच्या ऑफिसातले इंजिनिअर, त्यांनी परतताच लिहिलं होतं. आमचा कायदा आमच्या बाजूच्या यंत्रांना लागू आहे, तुमच्या सभासदांच्या फोनला नाही. ती अट आमच्या ॲपच्या सोयीसाठी कोणीतरी घातली होती. तुमचा एका वेगळ्या कॉम्प्युटरचा मार्ग आम्हाला चालेल, पुढच्या शुक्रवारपासून माल पाठवा. सुलक्षणाने ते मला वाचून दाखवलं. शेवटपर्यंत आवाज स्थिर होता. मग तिने कपाळाला हात लावला. एक दिवस, नाना, म्हणाली. फक्त एक दिवस.

आम्ही दोघं माझ्या गाडीवर मंदाबाईंच्या घरी निघालो. वाटेत मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी माझ्या बागेची पाळी आहे, ती मी मंदाबाईंना देतो. त्यांच्या उरलेल्या घडांवर नथ्थू फिती बांधेल. मला वाटलं ही खूश होईल. मागून आवाज आला, पाळी अशी बदलता येणार नाही नाना, सभेचा ठराव लागेल. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तिच्यावर ओरडलो. ती खाली उतरून उभी राहिली आणि म्हणाली, ओरडा, पण ठराव लागेल. तो ठराव मी सोमवारी केला. सगळे हात वर आले, छगनचा सगळ्यात आधी.

घरी पोचलो तर मंदाबाईंनी पडवीतली धान्याची पोती हलवली होती आणि आतली बंद खोली झाडून काढली होती. आदल्या दिवशी गाडी भरून गेल्यावर बांधावरूनच त्यांनी डिंपलला फोन केला होता. लोकांना समजलं, आता झाकायचं काही उरलं नाही, तू निघून ये. डिंपल तीनच्या एसटीने येणार होती.

सुलक्षणा दारातच उभी राहिली. तिने पत्र वाचून दाखवलं आणि तोंड फिरवून म्हणाली की अक्का, एक दिवस थांबता आलं असतं तर तुमचे घड परदेशी गेले असते, माझ्यामुळे गेले नाहीत.

मंदाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला.

"एक दिवस थांबले असते," त्या म्हणाल्या, "तर केयी गेली असती आन पोरगी तिथंच राह्यली असती."

मग त्यांनी आम्हाला खाटेला हात लावायला सांगितलं. एका बाजूने सुलक्षणा, दुसऱ्या बाजूने मी, अशी ती खाट आम्ही आतल्या खोलीत नेली.